सेंद्रिय जर्मेनियमची हकिगत

श्रोते हो, युरिया हे कोणत्या जातीचे खत, असे एखाद्या शेतकरी बांधवाला विचारले तर तो विचार न करता सांगेल, "रासायनिक." शेणखत, कंपोस्ट, पेंड ही सेंद्रिय, युरिया आणि सुपरफॉस्फेट ही रासायनिक. शिवारातला हा हिशेब आपल्या जागी बरोबर आहे. पण हाच प्रश्न शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना विचारून पाहा. ते म्हणतील, युरिया हे तर सेंद्रिय संयुग. इतकेच काय, १८२८ साली जर्मनीतील वोलर या रसायनशास्त्रज्ञाने प्राण्याच्या शरीरावाचून प्रयोगशाळेत जो सेंद्रिय पदार्थ बनवला आणि जगाला थक्क केले, तो हाच युरिया.

मग खरे कोणाचे? दोघांचेही. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत. शेतकरी सेंद्रिय म्हणतो ते जिवंत सृष्टीतून, कुजून-मुरून आलेल्या वस्तूला. रसायनशास्त्रज्ञ सेंद्रिय म्हणतो ते ज्याच्या सांगाड्यात कर्ब, म्हणजे कार्बन, आहे अशा पदार्थाला. त्याच्या लेखी साखर सेंद्रिय, रॉकेल सेंद्रिय आणि पिकावर फवारायची बहुतेक कीटकनाशकेही सेंद्रियच. चांगले-वाईट हा त्या शब्दाचा विषयच नव्हे.

हे एवढे लांबण लावण्याचे कारण असे की, "सेंद्रिय जर्मेनियम" या नावाची पांढरी भुकटी आणि तिच्या गोळ्या गेली कित्येक वर्षे जगभर विकल्या जात आहेत. कर्करोगापासून संधिवातापर्यंत सर्व दुखण्यांवर ती चालते असे सांगणारे भेटतात. ऐकणारा मनात म्हणतो, सेंद्रिय आहे ना, मग अपाय कसला? तेव्हा ही वस्तू मुळात आहे तरी काय, ते आज नीट पाहू.

जर्मेनियम हे एक मूलद्रव्य आहे. करड्या रंगाचे, चकाकणारे, पण लोखंडासारखे ठोकून वाकवू म्हटले तर तुकडे पडणारे. त्याचा शोध लागण्याआधीच त्याची कुंडली मांडली गेली होती, ही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. रशियातील मेंडेलेव्ह यांनी मूलद्रव्यांचे कोष्टक मांडले, तेव्हा सिलिकॉनच्या खालचे एक घर रिकामे राहिले. १८७१ साली त्यांनी सांगून टाकले की या घरात बसणारे मूलद्रव्य पृथ्वीवर कोठेतरी आहे. त्याचा अणुभार ७२ च्या आसपास असेल आणि ते पाण्याच्या साडेपाच पट जड असेल. पुढे जर्मनीत फ्रायबर्ग येथील विंकलर हे एका चांदीच्या खनिजाचे पृथक्करण करीत बसले होते. चांदी, गंधक वगैरे सगळे मोजून झाले तरी बेरीज ९३ च्या घरात येई. शंभरातले सात भाग काही सापडेनात. दुसरा कोणी असता तर "तराजूची चूक" म्हणून मोकळा झाला असता. विंकलर यांनी चिकाटी सोडली नाही आणि १८८६ साली ते हरवलेले सात भाग नव्या मूलद्रव्याच्या रूपाने हाती आले. अणुभार ७२.६, पाण्याच्या ५.३ पट जड! स्वदेशावरून त्यांनी त्याला जर्मेनियम हे नाव दिले.

आकाशवाणीच्या श्रोत्यांचे तर या जर्मेनियमशी जुने नाते आहे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर जुळवला, तो जर्मेनियमच्या तुकड्यावर. बैलगाडीत, मळ्यात, पारावर वाजू लागलेल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर-रेडिओंच्या पोटात तेच होते. पुढे त्याची जागा सिलिकॉनने घेतली. आज इंटरनेटसाठी काचतंतूची केबल टाकतात, तिच्या गाभ्यातल्या काचेत जर्मेनियमचा ऑक्साइड मिसळलेला असतो. यंत्रांच्या दुनियेत याने नाव कमावले आहे, यात वाद नाही. वाद सुरू होतो तो हे पोटात घ्यायला सांगतात तेव्हा.

आता थोडे रसायनशास्त्र. कंटाळू नका, सोपे आहे. जर्मेनियमच्या अणूला चार हात आहेत असे समजा. हे हात कोणाच्या हातात आहेत यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. चारही हातांनी ऑक्सिजन धरला की झाला जर्मेनियम डायऑक्साइड. ही पांढरी भुकटी, ही निरिंद्रिय. उलट चारही हातांनी कर्ब धरला तर? तेही विंकलर यांनीच १८८७ साली करून पाहिले. जस्ताच्या एका संयुगाच्या मदतीने त्यांनी टेट्राएथिल जर्मेनियम नावाचा पातळ द्रव बनवला. जर्मेनियमचे हे पहिले सेंद्रिय संयुग. तो सुमारे १६० अंशांवर उकळला आणि मेंडेलेव्ह यांनी भाकीत केलेला आकडाही १६० च होता!

या दोन टोकांच्या मध्ये आणखी प्रकार बसतात. बाजारात ज्याचा बोलबाला झाला त्या पदार्थात जर्मेनियमचा एक हात कर्बाच्या हातात असतो आणि तीन ऑक्सिजनकडे. व्यवहारात त्याला जीई-१३२ म्हणतात. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, पण त्यातला "सेस्क्वि-ऑक्साइड" हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये सेस्क्वि म्हणजे दीड. जर्मेनियमच्या दोन अणूंमागे या जोडणीत ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणजे एकास दीड. जुन्या गुरुजींनी दिडकी घोकून घेतली असेल त्यांना हे प्रमाण सांगायला नको.

हा पदार्थ जपानमध्ये १९६७ साली काझुहिको असाई यांच्या गटाने तयार केला. असाई हे मूळचे कोळशाचे अभ्यासक. दगडी कोळशात जर्मेनियम सापडते हे पाहून ते त्याच्या मागे लागले. कोळसा वनस्पतींपासून झाला, तेव्हा वनस्पतींना जर्मेनियमची गरज असली पाहिजे आणि माणसालाही असणार, अशी त्यांची विचारसरणी होती. जिन्सेंग, लसूण अशा औषधी म्हणून नावाजलेल्या वनस्पतींत ते भरपूर असते, असेही त्यांनी मांडले. पुढे अधिक अचूक साधनांनी मोजणी झाली तेव्हा हे प्रमाण अत्यल्प निघाले. जर्मेनियमवाचून एखाद्या प्राण्याचे वा माणसाचे काही अडते, असे आजवर दिसलेले नाही.

त्यांचा दुसरा दावा ऑक्सिजनचा होता. या संयुगात ऑक्सिजन आहे, म्हणून ते शरीराला प्राणवायू पुरवते, असे सांगण्यात येई आणि आजही येते. मंडळी, आपल्या नदीतली वाळू घ्या. शुद्ध वाळूत वजनाने निम्म्याहून अधिक ऑक्सिजनच असतो. पण धाप लागलेल्या माणसाला कोणी मूठभर वाळू देत नाही! सिलिकॉनने किंवा जर्मेनियमने घट्ट धरून ठेवलेला ऑक्सिजन श्वासाच्या कामाचा नसतो. शाळेतल्या मुलांनाही पटेल असे हे आहे.

मग या पदार्थात काहीच नाही का? तसेही म्हणता येणार नाही. पाण्यात विरघळला की त्याची साखळी सुटते आणि त्याचे सुटे रेणू साखरेच्या काही रेणूंना चिकटतात. हा त्याचा गुण रसायनशास्त्रज्ञांनी चांगला अभ्यासला आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने शरीराच्या संरक्षक पेशी चपळ होतात आणि इंटरफेरॉन नावाचे प्रथिन तयार होते, असेही आढळले. पण उंदरात दिसले ते माणसात उतरलेच पाहिजे असे नाही. जर्मेनियमचे स्पायरोजर्मेनियम नावाचे दुसरे सेंद्रिय संयुग कर्करोगाच्या रुग्णांना रीतसर चाचण्यांत देऊन पाहिले. गुण फारसा आला नाही. मज्जासंस्थेला त्रास मात्र झाला. जीई-१३२ च्याच कुळीतले प्रोपाजर्मेनियम हे औषध जपानमध्ये १९९४ साली एका प्रकारच्या जुनाट काविळीसाठी मंजूर झाले. तेथेही काही रुग्णांची कावीळ एकाएकी बळावली आणि डॉक्टरांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. म्हणजे हे औषध म्हणून वापरायचे तर डॉक्टरच्या नजरेखाली, मोजून-मापून. दुकानातून आणून चमच्याने खाण्याची ही वस्तू नाही.

आता या हकिगतीतला गंभीर भाग. जपानमध्ये १९७० नंतरच्या काळात जर्मेनियमच्या भुकट्या आणि काढे आरोग्यवर्धक म्हणून खपू लागले. १९८२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदी येऊ लागल्या: मूत्रपिंड निकामी झालेली माणसे, आणि चौकशीत निघाले की ती कित्येक महिने जर्मेनियम घेत होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशी ३१ माणसे मोजली गेली. त्यांत काही दगावली. दोन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत त्यांनी ही द्रव्ये घेतली होती, आणि पोटात गेलेले एकूण जर्मेनियम १५ ग्रॅमपासून ३०० ग्रॅमच्या वर होते.

१५ ग्रॅम म्हणजे काय, हे वर्गात गणित म्हणून घालता येईल. रोजच्या अन्नातून आपल्या पोटात सुमारे एक मिलिग्रॅम जर्मेनियम जाते असे धरू. १५ ग्रॅम म्हणजे १५,००० मिलिग्रॅम, म्हणजे १५,००० दिवसांचा वाटा. त्याला ३६५ ने भागा. एक्केचाळीस वर्षे! एवढ्या वर्षांत हळूहळू येणारे आणि बाहेर पडणारे द्रव्य या लोकांनी थोडक्या महिन्यांत पोटात लोटले.

रुग्णांचे स्नायू दुबळे झाले, हातापायांच्या नसा बधिर झाल्या, अंगातले रक्त कमी झाले. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या झिजल्या. आणि फसवी गोष्ट अशी की, मूत्रपिंडाच्या इतर आजारांत लघवीत प्रथिने वा रक्त उतरते, तसे येथे बहुधा उतरत नव्हते. लघवीची तपासणी चांगली येई आणि आत घर पोखरले जात असे. भुकटी बंद केल्यावर जे वाचले त्यांची प्रकृती सुधारली. पण मूत्रपिंड पूर्वीसारखे पूर्ण काही झाले नाही.

दोष कोणत्या जर्मेनियमचा? बऱ्याच रुग्णांनी घेतलेला माल निरिंद्रिय डायऑक्साइडचा होता. उंदरांच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील प्राण्यांना दोन्ही प्रकार देऊन तुलना केली, तेव्हा डायऑक्साइडने मूत्रपिंड बिघडले आणि शुद्ध जीई-१३२ ने तसे झाले नाही. विक्रेते हे निष्कर्ष आनंदाने सांगतात. पण पुढची गोष्ट सांगत नाहीत. ही सेंद्रिय भुकटी बनवायची तर कच्चा माल कोणता? तोच डायऑक्साइड. तो हायड्रोक्लोरिक आम्लात घालून, दुसऱ्या एका द्रव्याने त्याचे रूप पालटून, अॅक्रिलिक आम्लाशी जोडतात आणि मग पाण्याने शेवटची पायरी होते. शुद्धीकरण हलगर्जीपणे झाले तर मूळचा डायऑक्साइड मालात राहू शकतो. दोन्ही भुकट्या पांढऱ्या. डोळ्यांना फरक कळत नाही, जिभेवर भरवसा ठेवता येत नाही. जीई-१३२ या नावाने घेतलेल्या मालानेही काहींची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत भेसळ किती व मूळ पदार्थाचा दोष किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

आणखी एक गंमत, म्हटली तर गंमत. युरोपात जर्मेनियम लॅक्टेट-सायट्रेट नावाचे द्रव्य विकले गेले. दह्यातले आम्ल आणि लिंबातले आम्ल. नाव किती घरगुती! पण येथे जर्मेनियमचे हात त्या आम्लांच्या ऑक्सिजनला धरतात, कर्बाला नव्हे. रसायनशास्त्राच्या कसोटीने हे खरे सेंद्रिय जर्मेनियम ठरत नाही. त्यानेही मूत्रपिंडे गेली.

अशुद्धीला एवढे महत्त्व का, ते कळण्यासाठी जर्मेनियमच्या शेजाऱ्याकडे पाहू. कोष्टकात त्याच्या लगेच खाली कथील आहे, आपल्या भांड्यांच्या कल्हईचे. कल्हईच्या भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या आमटी शिजली. पण कथलाला कर्बाचे हात जोडले की त्याचा स्वभाव बदलतो. फ्रान्समध्ये १९५४ साली गळवांवर स्टॅलिनॉन नावाचे औषध निघाले. त्यात कथलाच्या दोन हातांना कर्बाच्या साखळ्या असाव्यात अशी योजना होती. मालात तीन साखळ्यांचा प्रकार मिसळला गेला आणि सुमारे शंभर माणसे प्राणास मुकली. जर्मेनियमची अशी संयुगे कथलाइतकी जहरी नाहीत, हे खरे. पण एका हाताचा फरक काय करतो, ते यावरून दिसेल. त्याच घराण्यातले शिसे पाहा: विंकलर यांच्या द्रवाचा सख्खा भाऊ शोभेल असे शिशाचे सेंद्रिय संयुग पेट्रोलमध्ये घालत असत, आणि त्याच्या विषारीपणामुळे आपल्या देशात ते २००० साली बंद झाले.

१९८८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने, आरोग्यपूरक म्हणून येणारा जर्मेनियमचा माल बंदरातच अडवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी जपान सरकारनेही डायऑक्साइड घातलेले पदार्थ सतत खाऊ नयेत, असे कळवले. तरी विक्री थांबली नाही. नाव आणि रूप बदलले. आता जर्मेनियमची कडी, माळा, मनगटपट्टे निघाले आहेत. हे पोटात जात नाहीत, त्यामुळे मूत्रपिंडाला भीती नाही; धोका असलाच तर खिशाला. जपानच्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राने २००९ साली असे पट्टे तपासले, तेव्हा सांगितल्या जाणाऱ्या गुणांना पुरेसा शास्त्रीय आधार मिळाला नाही.

तुमच्या घरात वा शेजारात कोणी जर्मेनियमची भुकटी किंवा गोळ्या काही महिने घेत असेल, तर ती थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि डबी सोबत न्यावी. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, कारण ते सहसा हा प्रश्न विचारणार नाहीत. लघवीची तपासणी ठीक आली म्हणून परत फिरू नये; रक्तातले क्रिएटिनिन तपासायला सांगावे. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते.