प्रकाशसंश्लेषण : शब्द कुठे तोडावा?

हुबळी-धारवाडात मराठी घरातले मूल कन्नड शाळेत जात असेल, तर विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'द्युतिसंश्लेषणे' भेटते आणि घरी अभ्यास घेणारे 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात. मूल दोन्ही शब्द निरनिराळे समजून पाठ करते. अशा मुलाला मी आधी शब्द तोडायला सांगतो.

जीभ तो असा तोडते : प्र-काश्-संश्-ले-षण्. लिहिताना अक्षरे सात, पण 'श' आणि 'ण' यांतला अ आपण उच्चारत नाही, म्हणून बोलताना पाचच तुकडे उरतात. कन्नडमध्ये असा अ गळत नाही. द्यु-ति-सं-श्ले-ष-णे, लिहायची सहा आणि बोलायचीही सहा. मराठीत खरी अडचण श् आणि स शेजारी येतात तिथे आहे. मुले सरळ 'प्रकासंश्लेषण' म्हणून मोकळी होतात. 'द्युति'च्या शेवटी इकार असल्याने ही टक्कर कन्नडमध्ये होतच नाही. अनुस्वारही वेगळा : मराठी तोंडी 'संव्श्', कन्नड तोंडी 'सम्श्'. जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येतो, या नियमाने मराठीत जोर 'सं'वर पडतो. इंग्रजी 'फोटोसिंथेसिस'मध्येही मुख्य जोर 'सिं'वरच आहे.

अर्थ मात्र दुसरीकडे तोडतो : प्रकाश + सम् + श्लिष् + अन. श्लिष् म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. 'अन'चा 'अण' झाला तो मागच्या 'ष'मुळे. जिभेने केलेल्या 'संश्' या तुकड्यात धातूचा पहिला श् उपसर्गाकडे गेला आणि धातू मधोमध चिरला. तुकड्यातुकड्याने पाठ करणाऱ्याला तो दिसत नाही, याचे कारण हेच. तो दाखवायला मी व्याकरणातला श्लेष अलंकार, गणितातले विश्लेषण आणि ऑगस्टमध्ये शेतकरी ज्याची वाट पाहतात ते आश्लेषा नक्षत्र पुढे ठेवतो. तिन्हीत श्लिष् आहे, आणि तिन्ही शब्द कन्नड मुलालाही परके नाहीत.

राहिला पहिला भाग. द्युति म्हणजेही तेजच. शब्द सुटसुटीत, पण रोजच्या बोलण्यातला नाही. 'प्रकाश' बोलायला अवघड असला तरी ऐकताक्षणी कळतो, म्हणून मला तो उजवा वाटतो. इंग्रजीतही हे नाव एका झटक्यात ठरलेले नाही. १८९३ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बार्न्स यांनी 'फोटोसिंटॅक्स' सुचवला होता; रूढ झाला तो 'फोटोसिंथेसिस'. वाक्यरचनेला इंग्रजीत सिंटॅक्सच म्हणतात, हे भाषेच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे.