न भिजणारे व मळ न धरणारे बहुवारिकांचे लेप

अळवावर पाणी ठरत नाही, ही उपमा आपण क्षणभंगुरतेच्या संदर्भात नेहमी ऐकतो. त्याच पानावर एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पानाचा थोडा भाग अंगठ्याने दाबून चार-पाच वेळा घासावा व मग सगळ्या पानावर पाणी शिंपडावे. न घासलेल्या भागावरून थेंब घरंगळून जातात. घासलेल्या भागावर पाणी पसरते व तेथेच राहते. जलविरोधी लेपांच्या संशोधनातील मुख्य अडचण एवढ्या प्रयोगात दिसून येते. पाणी दूर ठेवणारा पृष्ठभाग घडविणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते त्याला टिकविणे.

थेंबाची कडा घन पृष्ठभागाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात. द्रवाचा पृष्ठताण, घनाची पृष्ठऊर्जा व दोहोंच्या सीमेवरील ऊर्जा यांवर तो अवलंबून असतो, हे टॉमस यंग यांनी १८०५ साली मांडले. हा कोन ९०° हून अधिक असल्यास पृष्ठभाग जलविरोधी समजतात. अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत विल्यम झिस्मन व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास निरनिराळ्या बहुवारिकांचा ‘क्रांतिक पृष्ठताण’ मोजला. ज्या द्रवाचा पृष्ठताण या मूल्याहून कमी असेल, तो त्या घनावर पूर्णपणे पसरतो. पॉलिएथिलिनाच्या बाबतीत हे मूल्य सेंटिमीटरला सुमारे ३१ डाइन, तर १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अनपेक्षितपणे सापडलेल्या टेफ्लॉनच्या बाबतीत अवघे १८.५ डाइन भरते. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण ७३ डाइनच्या आसपास असल्याने ते टेफ्लॉनवर पसरत नाही, यात नवल नाही. टेफ्लॉनच्या रेणूतील कार्बनची साखळी फ्लुओरिनाच्या अणूंनी सर्व बाजूंनी झाकलेली असते. हे अणू आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतात व शेजारच्या रेणूंशी फारसा संबंध जोडीत नाहीत.

मात्र केवळ रसायनाच्या बळावर एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर पाण्याचा स्पर्शकोन १२०° च्या फारसा पुढे सरकत नाही. कमळाच्या व अळवाच्या पानावर तो १५०° च्याही वर जातो, तो त्या पानांच्या खडबडीतपणामुळे. सूक्ष्म उंचवटे व त्यांवरील मेणाचे कण यांच्या फटींत हवा कोंडून राहते आणि थेंब बहुतांशी हवेवरच टेकतो. कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ साली या स्थितीचे गणित दिले. बार्टलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळपत्राच्या स्वच्छतेशी तिचा संबंध दाखवून दिला. पण हेच उंचवटे घर्षणाने प्रथम झिजतात. जिवंत पान नवे मेण स्रवू शकते. आपल्या लेपास ती सोय नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जलविरोधी नाजूक रचना उलट्या पिरॅमिडांच्या आकाराच्या मजबूत खळग्यांत बसविण्यात आली. घासणाऱ्या वस्तूचा मार खळग्यांच्या कडा सोसतात व आतील रचना सुरक्षित राहते. नव्या लेपाचा पहिल्या दिवशीचा स्पर्शकोन मोठ्या अक्षरांत छापण्यापेक्षा अशा मार्गाने गेलेले काम आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

आता समुद्राकडे वळू, कारण मळाचा प्रश्न तेथे सर्वांत बिकट आहे. जहाजाच्या तळावर प्रथम जिवाणूंचा व डायाटमांचा बुळबुळीत थर बसतो. शैवाल व बार्नॅकल हे कवचधारी प्राणीही तेथे वस्ती करतात. पाण्याचा विरोध वाढतो व इंधन अधिक जळते. यावर ट्रायब्यूटिल टिनयुक्त रंगाचा विषारी उपाय अनेक वर्षे प्रचलित होता. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात त्यामुळे कालवांची कवचे विकृत झाली, आणि १९८२ साली त्या देशाने लहान नौकांवर हा रंग वापरण्यास बंदी घातली. २००१ साली झालेला त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ साली अंमलात आला. विषाविना तळ स्वच्छ ठेवावयाचा कसा, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला.

येथे पानाचा धडा उपयोगी पडत नाही. पाण्याखाली कोंडलेली हवा हळूहळू विरघळून जाते आणि उरलेला खडबडीतपणा जीवांना आयताच आधार देतो. गुळगुळीत टेफ्लॉनही अपुरे पडते. त्याचा क्रांतिक पृष्ठताण सिलिकोन रबराहून कमी आहे, तरी बार्नॅकल सिलिकोनवरून सहज सुटतो व टेफ्लॉनवर चिकटून राहतो. याचा उलगडा असा, की चिकटलेली वस्तू सुटण्यास लागणारे बल पृष्ठऊर्जा व स्थितिस्थापकता-गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. टेफ्लॉनचा गुणांक सुमारे ५०० मेगापास्कल, तर सिलिकोनचा सुमारे २. सिलिकोनचा क्रांतिक पृष्ठताण २३ धरून हिशेब केल्यास टेफ्लॉनवरील पकड चौदापट येते. मऊ थर ओढताच वाकतो, कडेला भेग पडते व प्राणी सालीसारखा सोलला जातो. चालत्या जहाजाच्या बाबतीत हे काम पाण्याचा प्रवाहच करतो. म्हणून बंदरात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या नौकेस या लेपाचा लाभ कमी.

पण जो मऊपणा उपयोगी पडतो तोच टिकाऊपणाच्या आड येतो. साखळदंड, धक्क्याची भिंत, तरंगणारे ओंडके यांच्या घर्षणाने सिलिकोन फाटते. शिवाय ज्याला काही चिकटत नाही तो लेप स्वतः जहाजाला कसा चिकटावा? त्यासाठी इपॉक्सी व सिलिकोन यांच्यामध्ये दोघांशीही जुळणारा एक बंधक थर द्यावा लागतो, आणि लेपाचे आयुष्य पुष्कळ अंशी या न दिसणाऱ्या थरावर ठरते.

डायाटमांचे वर्तन तर निराळेच आहे: ते सिलिकोनसारख्या जलविरोधी पृष्ठावरच अधिक घट्ट बसतात. याउलट पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या पाण्याचे रेणू भोवती इतके धरून ठेवतात, की प्रथिनास त्यांना बाजूस सारून पृष्ठभागापर्यंत पोहोचणे अवघड जाते. म्हणजे चांगला भिजणारा पृष्ठभागही मळ टाळू शकतो. सिलिकोनच्या जाळ्यात अशा जलस्नेही साखळ्या गुंफून दोन्ही गुण एकत्र आणणारे लेप आता तयार होत आहेत. त्या साखळ्या हवेत आत दडतात व पाण्यात बुडताच पृष्ठावर येतात. ही अदलाबदल खाऱ्या पाण्यात किती वर्षे चालू राहील, यावर त्या लेपांचा उपयोग अवलंबून आहे.