नाटक वाचायचे ते कुठे बसून?

नाटकाची अंगे कोणती, हा प्रश्न आपल्याकडे परीक्षेचा झाला आहे. कथानक, पात्रे, संघर्ष, संवाद, नेपथ्य अशी यादी पाठ करायची आणि हाती येईल त्या नाटकाला ती लावायची. अॅरिस्टॉटलने सहा अंगे सांगितली व त्यांत कथानक पहिले ठेवले, म्हणून आपणही कथानकापासून सुरुवात करायची. याला हरकत नाही. पण हीच पट्टी जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न'ला लावली की निकाल ठरलेला असतो : कथानक विरळ, पात्रे ठोकळेबाज, एकूण प्रकार प्रचारकी. दलित नाटकांच्या वाट्यालाही हाच शिक्का वारंवार आला. तेव्हा दोष नाटकाचा की पट्टीचा, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले ते 1843 साली. स्वतंत्र मराठी गद्य नाटकाचा मान सामान्यतः वि. ज. कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या 1861 च्या नाटकाला दिला जातो. 'तृतीय रत्न' 1855 चे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनीच पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले. नाटक छापून लोकांसमोर आले ते 1979 मध्ये. सव्वाशे वर्षे जे वाचकाच्या हाती नव्हते त्याची परंपरा कशी निर्माण होणार? नाट्येतिहासातली त्याची गैरहजेरी वाङ्मयीन निकषांनी ठरलेली नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

घडते काय? जोशी कुणब्याच्या दारी येतो. घरात बाई गरोदर आहे. पोटातल्या मुलाला ग्रहाची पीडा आहे असे भय तो घालतो, आणि त्या भयावर अनुष्ठान, ब्राह्मणभोजन असा खर्च एकावर एक चढत जातो. पुढे पाद्री भेटतो, वाद होतो. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. घटना थोड्या, हे खरेच. परंतु यातला संघर्ष नायक आणि खलनायक यांचा नाहीच. जोश्याला कुणब्याशी भांडावे लागत नाही. कुणबी स्वतःच्या हाताने देतो. एकाकडे अक्षर आहे, दुसऱ्याकडे नाही, या विषमतेतून इथे ताण निर्माण होतो. प्रेक्षकाला फसवणूक दिसते आणि फसणाऱ्याला दिसत नाही. या दोन दृष्टींमधले अंतर शेवटी मिटते, म्हणून ते नाटक. बहुतेक पात्रे नावाने नव्हे, जातीने व धंद्याने ओळखली जातात, यालाच ठोकळेबाजपणा म्हणतात. पण ज्या व्यवस्थेत माणसाचे नाव विचारण्याआधी जात विचारली जाते, तिचे चित्र दुसरे कसे रेखाटायचे?

खरी किमया विदूषकाची आहे. संस्कृत नाटकातला विदूषक हा ब्राह्मण, खादाड, राजाचा मित्र. त्याच्या खादाडपणाला हसायचे आणि राजाचे चालू द्यायचे. जोतीरावांनी तो उलटा केला. इथे खादाडपणा जोश्याकडे गेला आहे आणि विदूषक मधेमधे शिरून प्रेक्षकाला ते दाखवतो. नाटकात आपण वाहून जाऊ लागलो की तो थांबवतो, विचार करायला लावतो. युरोपात ब्रेख्तने हे तंत्र विसाव्या शतकात शास्त्र म्हणून मांडले, तेव्हा आपले समीक्षक त्याला प्रचारकी म्हणाले नाहीत!

प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही 1977 ची एकांकिका घ्या. दोन नट, अवजड नेपथ्य नाही, आणि पाण्याचा प्रश्न. नेपथ्याचा अभाव ही तिथे उणीव नसते. ती एकांकिका कुठल्याही वस्तीत, कुठल्याही ओट्यावर उभी राहू शकते, हा त्या रचनेचा भाग असतो.

आता यादीत सहसा नसलेले अंग : प्रेक्षक. वसई तालुक्यातल्या भुईगावात कुणी 'तृतीय रत्न' उभे केले अशी कल्पना करा. जवळच निर्मळला शंकराचार्यांचे देऊळ आणि कार्तिकातली यात्रा. समोर बसलेल्यांत अनेक जण रविवारी चर्चमध्ये जाणारे. 1855 च्या पुण्यात पाद्री हा बाहेरून आलेला, नवा प्रश्न घेऊन आलेला माणूस होता. भुईगावात तो पिढ्यान्‌पिढ्यांचा फादर आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजात धर्म बदलूनही सामवेदी, वाडवळ, कोळी ही ओळख टिकून राहिली, हे इथला प्रेक्षक घरातून जाणतो. रंगमंचावरचा पाद्री माणसामाणसांतील समतेविषयी एक शब्द बोलला, तरी हा प्रेक्षक ते ऐकून नुसती मान डोलावणार नाही. संहितेत विदूषकाचा रोख मुख्यतः जोश्यावर आहे. पाद्र्याला तो फारसा धारेवर धरत नाही. मग भुईगावच्या दिग्दर्शकाने विदूषकाला त्या प्रसंगी कुठे उभे करायचे? पाद्र्याच्या शेजारी उभा केला तर एक नाटक होईल, पहिल्या रांगेपुढे प्रेक्षकांकडे पाठ करून उभा केला तर दुसरे. संहितेतला एकही शब्द न बदलता.