‘कॉपी झाली’ म्हणजे डिस्कवर पोचली असं नाही!

उज्जैनकर मंडळी, 2016 च्या सिंहस्थाचे फोटो अजून त्याच जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर हे वाचाच. फोटो कॉपी करा किंवा फाइल सेव्ह करा, लिनक्स ही संगणकप्रणाली ती आधी रॅममध्ये ठेवते आणि ‘झालं’ म्हणून मोकळी होते. डिस्कवर खरं लिहिणं मागाहून, बऱ्याचदा 30 सेकंदांनी. तेवढ्यात डिस्कने दगा दिला तर? प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ करून (म्हणजे ‘आत्ताच डिस्कवर लिही’ असं सांगून) विचारलं, तर बहुधा तेव्हाच चूक कळते. आणि गंमत (कसली गंमत!) पुढेच आहे. एकदा चूक सांगितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममधला तो मजकूर लिहिला गेल्यासारखाच धरू शकतो. पुन्हा एफसिंक करा, उत्तर येतं: सगळं ठीक! 2018 मध्ये हे पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि खळबळ उडाली. 2019 मध्ये त्यांनी पवित्राच बदलला: एफसिंक फसलं की डेटाबेस मुद्दाम पाडायचा आणि बदलांच्या नोंदींवरून (लॉगवरून) पुन्हा उभा करायचा. माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग.

तेव्हा 2028 चा सिंहस्थ यायच्या आत जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा, डिस्क पुन्हा जोडा आणि फोटो उघडून बघा.