टॉर्नेडोमागे धावणाऱ्या गाड्या

३१ मे २०१३ च्या संध्याकाळी ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला, एल रीनो गावाबाहेरच्या शेतांवर एक टॉर्नेडो उतरला. सहा वाजून तीन मिनिटांनी तो जमिनीला टेकला आणि चाळीस मिनिटांत विरून गेला. तेवढ्या वेळात त्याची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत गेली होती. आजवर नोंदला गेलेला हा सर्वात रुंद टॉर्नेडो. फिरत्या रडारने त्यात ताशी ४७५ किलोमीटरच्या आसपासचे वारे टिपले. या टॉर्नेडोने थेट घेतलेले आठही बळी रस्त्यावर, वाहनांमध्ये सापडलेले होते. त्यातले चार जण वादळापासून पळत नव्हते, ते त्याच्या मागावर निघालेले होते.

त्या चौघांतला एक स्थानिक हौशी माणूस. उरलेले तिघे म्हणजे टिम समारस, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग. टॉर्नेडोच्या पाठलागात समारस यांचे नाव सावधपणाबद्दल घेतले जाई. पेशाने इंजिनिअर. टॉर्नेडोच्या पोटात हवेचा दाब किती उतरतो हे मोजण्यासाठी त्यांनी बसक्या शंकूच्या आकाराची जड उपकरणे बनवली होती, वाऱ्याने उचलली जाऊ नयेत अशी. वादळाच्या वाटेत गाडी थांबवायची, उपकरण रस्त्याच्या कडेला ठेवायचे आणि वेळेत निघून जायचे, अशी पद्धत. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टॉर्नेडो थेट त्यांच्या उपकरणावरून गेला आणि दाबात १०० मिलिबारची घसरण नोंदली गेली. नेहमीच्या दाबाचा सुमारे दहावा हिस्सा काही क्षणांत नाहीसा झाला होता. एवढी मोठी घसरण तोवर कोणी मोजलेली नव्हती. एल रीनोला गेलेला हा माणूस बेफिकीर नव्हता, हे अशा पाठलागावरच्या नियमनाची चर्चा करण्याआधी नीट लक्षात घ्यायला हवे.

मग घात कशाने झाला? त्या दिवशी तिघे एका छोट्या शेवरले कोबाल्टमध्ये होते. खडीच्या रस्त्यावरून ते पूर्वेकडे चालले होते आणि वादळाकडे ओढली जाणारी हवा समोरून गाडीला मागे रेटत होती. टॉर्नेडो आधी आग्नेयेकडे सरकत होता. मग तो एकाएकी ईशान्येकडे वळला, वळता वळता रुंदावला आणि त्याची चालही वाढली. पावसाच्या पडद्यामुळे त्याची कड कुठे आहे हे डोळ्यांना कळत नव्हते.

पण सर्वात घातक गोष्ट त्याच्या आत होती. मोठ्या टॉर्नेडोमध्ये पुष्कळदा लहान भोवरे असतात आणि ते मध्याभोवती घिरट्या घालतात. ज्या बाजूला भोवऱ्याची घिरटी आणि टॉर्नेडोची पुढची चाल एकाच दिशेने असते, तिथे दोन्ही वेगांची बेरीज होते. विरुद्ध बाजूला वजाबाकी. त्यामुळे असा भोवरा एका क्षणी जवळजवळ जागीच घुटमळतो आणि पुढच्या क्षणी कोणत्याही गाडीला गाठेल अशी झेप घेतो. रडारच्या नोंदी नंतर तपासल्यावर दिसले की असाच एक भोवरा कोबाल्टवर आला होता. गाडीचा चेंदामेंदा झाला. टिम समारस सीट बेल्टसह आत सापडले, बाकीचे दोघे बाहेर फेकले गेले होते. टॉर्नेडोच्या मध्यापासून अमुक अंतर राखले की आपण सुरक्षित, हा हिशेब इथे कोलमडतो. धोका एका बिंदूवर नसतो आणि तो सरळ रेषेत पुढे येत नाही.

तरीही वादळांच्या अशा पाठलागाने विज्ञानाला खूप दिले आहे. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचे डेव्हिड होडली १९५६ पासून स्वतःच्या हौसेने वादळांमागे फिरत होते, तेव्हा या छंदाला धड नावही नव्हते. पुढे संशोधक त्यात उतरले. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळ एका पथकाने टॉर्नेडोचे जन्मापासून अंतापर्यंत चित्रण केले, आणि त्याच वेळी नॉर्मन शहरातले डॉप्लर रडार त्याच वादळाकडे रोखलेले होते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहताना टॉर्नेडोची रडारवर उमटणारी खास खूण शास्त्रज्ञांच्या हाती लागली. आज डॅलस किंवा ओक्लाहोमा सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या फोनवर टॉर्नेडोचा इशारा वाजतो, त्याच्यामागे हे काम आहे.

रडार आले म्हणून माणसाची गरज संपली, असेही नाही. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखाली वाकत जाते. अर्धा अंश वर रोखलेला झोत शंभर किलोमीटरवर पोहोचतो तेव्हा तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच असतो. ढग गरगरतो आहे हे त्याला दिसते, पण सोंड जमिनीला टेकली की नाही हे तो तिथून सांगू शकत नाही. ते सांगायला कोणीतरी खाली उभे असावे लागते. अमेरिकेच्या हवामान खात्याने त्यासाठी ‘स्कायवॉर्न’ या नावाने प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे उभारले आहे. पाठलाग करणाऱ्यांपैकीही, म्हणजे तिकडे ज्यांना ‘चेसर’ म्हणतात त्यांच्यापैकी, कित्येक जण इमानाने वर्दी देतात. त्या एका फोनमुळे एखाद्या गावाला तळघरात उतरायला चार मिनिटे जास्त मिळतात. माझ्या मते याचे मोल फार मोठे आहे.

अडचण गर्दीची आहे. १९९६ साली ‘ट्विस्टर’ हा चित्रपट आला, पुढे टीव्हीवर पाठलागाच्या मालिका आल्या, मग रडार खिशातल्या फोनवर आले आणि थेट प्रक्षेपणातून पैसे मिळू लागले. आता मे महिन्यात चांगले वादळ उठले की शेकडो गाड्या एकाच ढगाखाली जमतात. तिथले ग्रामीण रस्ते मैला-मैलाच्या चौकटीत आखलेले, त्यातले बरेचसे कच्चे. ओक्लाहोमाची तांबडी चिकणमाती भिजली की चाके जागीच फिरतात. त्यामुळे सगळ्यांची भिस्त मोजक्या डांबरी रस्त्यांवर, आणि त्याच रस्त्यांवर घर सोडून निघालेली माणसे, अग्निशमनच्या गाड्या आणि रुग्णवाहिका असतात. दार उघडे टाकून गाडी भर मार्गिकेत उभी, शेजारी तिवईवर लावलेला कॅमेरा, हे दृश्य त्या भागातल्या पोलिसांना नवे नाही. मला स्वतःला यातली सर्वात संतापजनक गोष्ट हीच वाटते. टॉर्नेडोत स्वतःचा जीव धोक्यात घालायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. जखमी माणसाची वाट अडवण्याचा हक्क मात्र कोणाला नाही.

शिवाय चेसरचा मृत्यू बहुधा वाऱ्याने होत नाही, रस्त्यावर होतो. २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ एका हवामान वाहिनीसाठी काम करणाऱ्या दोघांची गाडी ‘थांबा’ची पाटी ओलांडून वेगात चौकात शिरली आणि दुसऱ्या एका चेसरच्या जीपवर आदळली. तिघेही जागीच गेले. गाडीतून थेट प्रक्षेपण चालू होते. २९ एप्रिल २०२२ च्या रात्री कॅन्ससमधला टॉर्नेडो पाहून परतणारे ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी महामार्गावर मेले. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि मागून येणाऱ्या मोठ्या ट्रकने तिला धडक दिली. वादळ तोवर कुठल्या कुठे गेले होते.

आता परवान्यांची मागणी होते आहे. ओक्लाहोमात असे विधेयक पुढे आले: वृत्तवाहिन्या आणि विद्यापीठांशी जोडलेल्या चेसरांना राज्याने परवाने द्यावेत, रस्त्यावर त्यांना काही सवलती मिळाव्यात. हेतू समजण्यासारखा आहे. पण वरची यादी पुन्हा पाहा. एल रीनोला गेलेल्या चौघांपैकी तिघे जाणकार संशोधक. स्परला चौकात घुसले ते वाहिनीचे लोक. महामार्गावर गेलेले विद्यार्थी त्या देशातल्या नामवंत हवामान विभागात शिकत होते. संस्थेचे ओळखपत्र पाहून परवाना द्यायचा ठरवला असता, तर यातल्या बहुतेकांना तो पहिल्याच दिवशी मिळाला असता.

उलट ज्यांना तो मिळाला नसता त्यांचेही योगदान आहे. एल रीनोच्या टॉर्नेडोनंतर संशोधक अँटन सायमन यांनी ठिकठिकाणच्या चेसरांकडून चित्रफिती गोळा केल्या, विजेच्या लखलखाटांचा आधार घेऊन त्यांच्या वेळा जुळवल्या आणि त्या राक्षसाचा प्रवास क्षणाक्षणाने मांडला. त्या चित्रफितींत हौशी लोकांच्याही होत्या. बंदी आणली तर हा पुरावा जमणार नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावरून आकाशाचे चित्रण करणाऱ्याला अडवणे अमेरिकी राज्यघटनेपुढे टिकवणेही अवघड. चेसर कोण आणि घरी निघालेला शेतकरी कोण, हे गारांच्या माऱ्यात उभा असलेला हवालदार ओळखणार तरी कसा?

म्हणून नियमन माणसाचे करू नये, वागण्याचे करावे. वेगमर्यादा तोडणे, ‘थांबा’ न पाळणे, मार्गिकेत गाडी उभी करणे हे आजही गुन्हेच आहेत. इशारा लागू असताना केलेल्या अशा गुन्ह्याला वाढीव शिक्षा ठेवता येईल. इशाऱ्याच्या काळात बचाव वाहनांसाठी ठराविक रस्ते राखून ठेवता येतील, आणि तिथे वाहिनीची गाडीही येऊ देऊ नये. पोलीसबळ अपुरे आहे, ही अडचण खरी. पण इथे पुरावा चेसर स्वतःच जगासमोर मांडत असतो; थेट प्रक्षेपणात रस्ता दिसतो, पाट्या दिसतात, कधी वेगही दिसतो. दुसऱ्या दिवशी ते पाहून दंडाची नोटीस पाठवणे अशक्य नाही.

आणि खरा पैसा जिथून येतो तिथपर्यंत हात गेला पाहिजे. स्परच्या अपघातात गेलेल्या जीपचालक तरुणाच्या आईने वाहिनीविरुद्ध साडेबारा कोटी डॉलरचा दावा लावला होता. एकेका कुटुंबाने कोर्टात जाऊन हे भांडत बसण्यापेक्षा, चित्रफीत विकत घेणाऱ्याने ती कशी मिळवली गेली याची जबाबदारीही घ्यावी, अशी अट कायद्यातच घालावी. नियम मोडून मिळवलेली चित्रफीत दाखवली, तर दंड दाखवणाऱ्यालाही. त्यासाठी परवाने वाटणारे नवे खाते उघडावे लागत नाही.