अॅल्युमिनियमची जुनी वायरिंग : धोका सांध्यात, रोजी दुरुस्तीत

पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडला की कोन लागते. महामार्गालगत उंच इमारती उभ्या राहिल्या, पण गावातील जुनी घरे आणि दुकाने अजून नांदती आहेत. कोनच नव्हे, पनवेल शहरातील जुन्या मोहल्ल्यांतही हेच चित्र आहे. भिंतींना नवा रंग लागतो, फरशी बदलते, फ्रीज, गिझर आणि एसी येतो. लाकडी पट्टीवरची किंवा भिंतीतली वायर मात्र तीस-चाळीस वर्षांपूर्वीचीच राहते. अशी वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते. आमच्या वाचकांत वायरमन आहेत, इलेक्ट्रिकचे दुकानदार आहेत आणि जुन्या घराचे मालकही आहेत. म्हणून हा विषय घेत आहोत.

तांबे आपल्याकडे कमी आणि महाग. त्यामुळे एके काळी घरगुती वायरिंगसाठी अॅल्युमिनियम सर्रास वापरले गेले. अमेरिकेतही तांब्याचे भाव चढल्यावर १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या अनेक घरांत हीच वायर पडली. १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातील हॅम्पटन बेज येथे घराला आग लागून दोघांचा मृत्यू झाला. प्लग पॉइंटमधील अॅल्युमिनियम वायरचा सदोष जोड हे तिचे कारण ठरले. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पाहणीनुसार, १९७२ पूर्वी तयार झालेली अॅल्युमिनियम वायर असलेल्या घरांत एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे.

याचा अर्थ अॅल्युमिनियम हा धातूच वाईट, असा नव्हे. खांबावरच्या तारा अॅल्युमिनियमच्याच असतात. दोष असतो तो सांध्यात. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. तापल्यावर अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक प्रसरण पावते. ते मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू दबत जाते. रोज तापणे आणि निवणे यातून स्क्रू सैल होतो, सैल जोड अधिक तापतो. त्यात तांब्याची आणि अॅल्युमिनियमची वायर एकमेकींना पीळ देऊन टेप गुंडाळली असेल, तर आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तो सांधा लवकर गंजतो.

वायर कोणती आहे हे कसे ओळखावे? मेन स्विच बंद करून, वायरमनकडून बोर्ड उघडून घ्यावा. तार पांढरी दिसली म्हणून ती अॅल्युमिनियमच, असे समजू नये. जुन्या तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा असतो. थोडे खरवडल्यावर आतून लाल निघाली तर ते तांबे. बोर्ड गरम लागणे, दिवा लुकलुकणे, प्लगजवळ काळा डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, तडतड आवाज ही लक्षणे दिसली तर मेन स्विच बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत वापर थांबवावा.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. एमसीबी बसविला म्हणजे घर सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. एमसीबी जादा लोड व शॉर्ट सर्किटवर पडतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती करंटवर पडतो. दोन्ही हवेतच. पण सैल सांध्यातून नेहमीचाच करंट जात असेल तर सांधा लाल होईपर्यंत तापला तरी दोन्ही गप्प बसतात. एमसीबी निवडताना उपकरण नव्हे, वायरची कुवत पाहावी. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के आहे. तेव्हा दीडच्या जुन्या अॅल्युमिनियम वायरवर १६ अँपिअरचा एमसीबी टाकून गिझर चालविणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे.

उत्तम उपाय म्हणजे आयएसआय चिन्हाची तांब्याची नवी वायर ओढणे : दिव्या-पंख्यांना दीडची, १६ अँपिअर प्लगला अडीचची, एसीसारख्या मोठ्या लोडला चारची, सोबत चांगले अर्थिंग. सर्व खर्च एकदम झेपत नसेल तर आधी गिझर, एसी, इस्त्री आणि दुकानातील मशीन यांच्या लाइनी स्वतंत्र कराव्यात. राहिलेल्या अॅल्युमिनियम लाइनीवर तांब्याशी जोड द्यायचा असेल तेथे दोन्ही धातूंसाठीच बनविलेला कनेक्टर किंवा बायमेटॅलिक लग योग्य क्रिंपिंग हत्याराने दाबून बसवावा आणि उत्पादकाने सांगितले असेल तेथे ऑक्साइडरोधक पेस्ट लावावी. नुसते स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहिल्यास मऊ तार तुटते. वायर सोलताना तिला चीर पडली तर तेवढा तुकडा कापून टाकावा.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, पुढची ग्राहकाची. ते काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घेणे कायद्याने आवश्यक आहे.

आमच्या वायरमन बांधवांसाठी यात पुष्कळ काम आहे. मात्र ते विश्वासावर टिकेल. प्रथम पाहणी, मग लेखी एस्टिमेट, कोणत्या खोलीत कोणती वायर आणि कोणता एमसीबी याची नोंद, आणि मालाचे पक्के बिल, ही पद्धत ठेवावी. दुकानदारांनीही ९० मीटरच्या कॉइलमध्ये पूर्ण लांबी आणि पूर्ण जाडी मिळते याची खात्री करूनच माल ठेवावा. निघालेले अॅल्युमिनियम भंगारात विकले जाते, ते पैसे हिशेबात मालकाच्या नावे दाखवावेत. भिंतीत गाडलेले काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याच्या मुलाबाळांची झोप त्या न दिसणाऱ्या सांध्याच्या भरवशावर असते, हे ध्यानात ठेवूनच वायरमनने पक्कड हाती घ्यावी.