नृत्य हीच भूमीची सनद

नृत्य म्हटले म्हणजे रंगमंच, नर्तक आणि प्रेक्षक असे चित्र मनापुढे उभे राहते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, अर्नहेम लँडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्या योलंगू या आदिवासी लोकांच्या ‘बुंगुल’ नृत्यास मात्र ही कल्पना अपुरी पडते. तेथे नृत्य म्हणजे धर्म, इतिहास आणि भूमीवरील हक्क यांची एकत्रित नोंद होय.

योलंगू समाजाचे धुवा आणि यिरिचा असे दोन विभाग असून विवाह नेहमी दुसऱ्या विभागात होतो. प्रत्येक कुळाची भूमी, गीते, चित्राकृती आणि नृत्ये ठरलेली असतात. जांगकावू भगिनी समुद्रमार्गे यालांगबारा येथे उतरल्या व त्यांनी काठ्या जमिनीत रोवताच गोड्या पाण्याचे झरे फुटले, अशी धुवा कुळांची श्रद्धा आहे. नर्तक काठी घेऊन तीच कृती करतात, तेव्हा हा झरा कोणी निर्माण केला आणि कोणाच्या स्वाधीन केला, हे सर्वांसमक्ष सांगितले जाते. वाटेल त्याने वाटेल ते नृत्य करावे, अशी मुभा नसते. विधी यथासांग पार पाडण्याची जबाबदारी त्या कुळातील स्त्रियांच्या मुलांवर, म्हणजे भाच्यांवर असते. भाचे दुसऱ्या विभागातील असल्याने त्या विभागाची साक्षही आपोआप मिळते.

या अलिखित सनदेची कसोटी लवकरच लागली. बॉक्साइटच्या खाणीसाठी यिर्कला येथील जमीन घेतली जाऊ लागली, तेव्हा 1963 साली योलंगूंनी झाडाच्या सालीवर कुळांच्या पवित्र आकृती रंगवून, त्यांच्या चौकटीत आपला अर्ज लिहून संसदेकडे धाडला. पुढे ते न्यायालयात गेले. 1971 च्या निकालात त्यांची सुसंबद्ध कायदेव्यवस्था न्यायमूर्तींनी मान्य केली. परंतु भूमीवरील मालकी नाकारली. खाण चालूच राहिली. तथापि या पराभवाने देशाचे लक्ष वेधले आणि 1976 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा संमत झाला. त्याखालील दाव्यांच्या चौकशीत परंपरागत गीते व नृत्ये पुराव्यादाखल सादर होऊ लागली.

गुल्कुला येथे 1999 पासून भरणाऱ्या गार्मा उत्सवात सायंकाळी बुंगुल होते. वडीलधाऱ्यांच्या पाठोपाठ लहान मुलेही पावले टाकतात. पाहुण्यांच्या दृष्टीने तो सोहळा असतो. त्या मुलांच्या दृष्टीने मात्र तो आपली भूमी ओळखण्याचा पाठ असतो. कागदावरील सनद पेटीत जपून ठेवता येते. नृत्यातील सनद पुढच्या पिढीने नाचली, तरच टिकते.